दत्तजयंतीची रजा

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे. लागोपाठ दोन वर्षं मी ऑफिसात थाप मारली. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधीचे दोन दिवस, पौर्णिमा आणि नंतरचा एक दिवस अशी चार दिवसांची रजा टाकायची आणि कारणात लिहायचं : 'दत्तजयंती, गावी कार्यक्रम'. मॅनेजर दोन मिनिटांत अप्रूव्ह करायचा. वर "प्रसाद आण रे" असंही सांगायचा. मी परत येताना धुळ्याच्या स्टँडजवळून अर्धा किलो पेढे घ्यायचो आणि पँट्रीत ठेवून द्यायचो. लोक हात जोडून खायचे. मला आतून कसंतरी व्हायचं.

दत्ताशी माझं काही वाकडं नाही, पण त्या चार दिवसांत मी दत्ताच्या देवळात नसतो. मी साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी असतो, अनवाणी, डोंगऱ्यादेवाच्या व्रतात. पौर्णिमेची अख्खी रात्र डोंगरावर जागून काढतो. दुसऱ्या दिवशी गावात बोकड कापतात आणि सगळं गाव जेवतं. आता त्या जेवणातला प्रसाद पुण्याच्या पँट्रीत कसा ठेवणार, सांगा! :-)

तर या वीकेंडचा विषय हा. आपला देव चारचौघांत किती उघड ठेवायचा? मी यावर बरंच डोकं खाजवलं आहे, थोडं तोंडावरही आपटलो आहे. आता जे मत झालंय ते लिहून टाकतो.

आधी ओळख. आम्ही कोकणा आदिवासी. (कोकणा म्हणजे कोकणातले असं समजून मला आंब्यांच्या पेटीचा भाव विचारणारे भेटलेले आहेत. आम्ही साक्री, नवापूर, कळवण, सुरगाणा, डांग या पट्ट्यातले.) आडनाव चौधरी. हे आडनाव म्हणजे वरदानही आहे आणि भानगडही, कारण खानदेशात चौधरी म्हटलं की समोरचा पहिल्यांदा लेवा पाटीलच धरतो. बहिणाबाई चौधरींचं आडनाव ना! माझे वडील दोन्ही अर्थांनी एसटीतले : एस.टी. महामंडळात ड्रायव्हर आणि दाखल्यावर अनुसूचित जमाती. हा विनोद त्यांचाच आहे. अर्थात ते तो फक्त घरात करतात.

आता आमचे देव. गावाच्या शिवेवर वाघदेव असतो, लाकडाच्या फळीवर सूर्य, चंद्र, नाग, वाघ कोरलेला. वाघबारशीला त्याची पूजा. धान्य म्हणजे कणसरी माता, त्यामुळे ताटात दाणा टाकला की आजीची बोलणी खायची. आणि मार्गशीर्षात डोंगऱ्यादेव. व्रत धरलेल्यांनी एकवेळ जेवायचं, अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, रात्री अंगणात पावरीच्या सुरावर गोल धरून नाचायचं. पावरी म्हणजे दुधी भोपळा, बांबू आणि मेण यांतून बनवलेलं लांबलचक वाद्य. ती वाजवायला दमसास लागतो. मी प्रयत्न केला, पाच मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे. आमच्या या देवाला देऊळ नाही. पोथी नाही, पुजारीही नाही. भगत असतो, त्याला सगळं तोंडपाठ असतं. डोंगर हाच देव. बास.

मी तसा या सगळ्यापासून लांबच होतो. धुळ्याला एसटी कॉलनीजवळ भाड्याच्या घरात वाढलो, सुट्टीत गावी जायचो. तीन वर्षांपूर्वी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आजीने परस्पर नवस बोलून टाकला : बरा झाला तर नातू पाच वर्षं डोंगऱ्यादेवाला उभा राहील. नातवाला कोणी विचारलं नाही! बाबा बरे झाले. आणि मी, जो देव मानतो की नाही हे स्वतःलाही नीट सांगू शकत नाही, तो त्या मार्गशीर्षात उभा राहिलो. भगतबाबांनी सवलत दिली, पोटासाठी लांब गेलेल्याने शेवटचे दिवस तरी गावात यायचं, बाकीचे नेम जिथे असेल तिथे पाळायचे. त्यामुळे मी हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये चटई टाकून झोपायचो आणि ऑफिसात संध्याकाळपर्यंत काही खायचो नाही. घरमालकीण काकूंना वाटलं मी मार्गशीर्षातले गुरुवार धरलेत. त्या खूश झाल्या. वैभवलक्ष्मीचं पुस्तक दिलं. तेही मी घेतलं.

लपवालपवीची सवय जळगावची. इंजिनिअरिंगला जळगावात आलो तेव्हा मला आदिवासी मुलांच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळाली होती. तिथे पहिलं वर्ष काढलं. पण वर्गात कोणी विचारलं "रूम कुठे?" की मी एका मित्राच्या रूमचा पत्ता सांगायचो. कारण वसतिगृहाचं नाव म्हणजे कपाळावरची पाटी. पहिल्याच आठवड्यात दोन पोरं कट-ऑफच्या याद्या बघून "हा कोट्यातला, हा ओपनचा" असा हिशोब मांडताना मी ऐकली होती. मी त्यांच्यासोबत हसलोसुद्धा. भरीत-पार्टीला जायचो, कळण्याची भाकरी हाणायचो, आणि कोणी "कुठले चौधरी भो, यावलचे का फैजपूरचे?" म्हटलं की "धुळ्याकडचे" एवढंच. खोटं नाही, पण खरंही नाही.

आता यातली गंमत बघा. ज्या गोष्टी मी चार वर्षं जळगावात लपवल्या, त्याच सरकारी कागदावर मात्र मोठ्याने सांगाव्या लागल्या होत्या. महाराष्ट्रात आदिवासी असल्याचा नुसता दाखला पुरत नाही, समितीकडून त्याची वैधता लागते. सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात ही पडताळणी कशी करायची ते घालून दिलं, मग राज्याने २००० मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये नियम. त्यात जुने कागद बघतात आणि शिवाय 'आप्तभाव चाचणी' असते. म्हणजे तुमच्या चालीरीती, सण, लग्न-मयताच्या पद्धती, देव हे त्या जमातीशी जुळतात का ते विचारतात. (बोगस दाखल्यांमुळे हे लागतं, मान्य. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही सांगितलं की ही चाचणी म्हणजे काही अंतिम कसोटी नव्हे, जुन्या पुराव्यांचं वजन जास्त. तेही योग्यच.) आमच्याकडे चौकशीला साहेब आले तेव्हा आजीला विचारलं, "तुमचे देव कोणते?" आजीने अर्धा तास घेतला. वाघदेव, कणसरी, डोंगऱ्यादेव, पूर्वज, सगळे. एक गाणंही म्हणून दाखवलं. बाजूला धुळ्याच्या घरातून आणलेली गणपतीची तसबीर होती, ती बाबांनी हळूच उलटी करून ठेवली होती!

मला ते दृश्य विसरता येत नाही. धुळ्याच्या घरात शेजाऱ्यांसाठी वाघदेव दिसू द्यायचा नाही, आणि गावच्या घरात साहेबांसाठी गणपती दिसू द्यायचा नाही. खरं म्हणजे आम्ही दोन्ही मानतो. बाबा गणपतीला मनापासून नमस्कार करतात. पण प्रत्येक वेळी समोरच्याला हवं तेवढंच दाखवायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच कोडबेसचे दोन बिल्ड, क्लायंट बघून डिप्लॉय करायचे. आणि असं वर्षानुवर्षं केलं की मूळ कोड काय होता तेच कोणाला आठवत नाही.

हा आमच्या घरापुरता आजार नाही, जुना आहे. १९२२-२३ च्या सुमारास दक्षिण गुजरात आणि लगतच्या आदिवासी भागात 'देवी'ची लाट आली. अंगात येणारी देवी सांगायची, दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराचं त्यावर १९८७ चं पुस्तक आहे. त्याचं म्हणणं असं की सावकार आणि दारूचे ठेकेदार यांच्यापासून सुटण्यासाठी लोकांनी हे स्वतःहून उचललं. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याकडे संत गुलाम महाराजांनी आरतीची चळवळ चालवली, तीही व्यसनमुक्तीची. हजारो लोकांचे संसार त्याने सावरले, हे मला कमी लेखायचं नाही. पण त्यातून एक गोष्ट आमच्या हाडात मुरली : 'सुधारलेला' दिसायचं तर वरच्यांच्या देवासारखा देव हवा. बाबांनी तसबीर लावली ती त्याच वाटेने.

मध्यंतरी रात्री झोप येत नव्हती म्हणून वाचत बसलो. युरोप-अमेरिकेत ख्रिश्चन धर्मापूर्वीचे देव मानणारे, निसर्गपूजा करणारे लोक आहेत, ते स्वतःला पेगन म्हणवतात. आपण कोण आहोत हे घरी-ऑफिसात सांगून टाकणं याला त्यांच्यात एक गमतीदार शब्दप्रयोग आहे, 'झाडूच्या कपाटातून बाहेर येणं'. झाडू म्हणजे चेटकिणीचा! चेटकीण म्हणून आपल्याला हसतील हे धरूनच त्यांनी तो शब्द घेतलाय. त्यांची भीती आमच्यासारखीच : नोकरी, शेजारी, सासरचे. आइसलँडमध्ये स्वेनब्योर्न बेन्टेन्सन नावाच्या एका शेतकरी-कवीने मित्रांना घेऊन जुन्या नॉर्स देवांची संस्था काढली, आणि १९७३ मध्ये सरकारने तिला अधिकृत धर्मसंस्था म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत सैनिकांच्या थडग्यावर क्रॉस चालायचा, चांदणी चालायची, पण विक्कन पंथाचं पंचकोनी चिन्ह चालत नव्हतं. लोक कोर्टात गेले, तेव्हा कुठे एप्रिल २००७ मध्ये ते मंजूर झालं. लढाईत मेलेल्या माणसाच्या बायकोला नवऱ्याच्या थडग्यावर त्याचं चिन्ह लावायला खटला लागतो, हे वाचून मी लॅपटॉप बंद केला.

पण आमच्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी हा धर्म मोठेपणी, वाचून-विचार करून निवडला. आम्हाला तो आजीकडून आला. त्यांनी देव सांगितला तर लोक म्हणतील विक्षिप्त आहे. मी देव सांगितला तर पाठोपाठ जमात कळते, आणि जमात कळली की कोटा. मग माझ्या प्रमोशनकडे, माझ्या कोडकडे, माझ्या इंग्रजीकडे बघायची नजर बदलते. देव हा इथे दुय्यम आहे हो. झाकायची असते ती जमात. देव बिचारा तिच्या मागोमाग झाकला जातो.

बाबांचा लपवण्याचा आग्रह यातूनच येतो, आणि तो मला खुळा वाटत नाही. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. आमच्या जळगावची मुलगी, तडवी भिल्ल, एम.डी. करत होती. आदिवासी म्हणून टोमणे मारून छळ केल्याच्या तक्रारीवरून तिच्या तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. त्या रात्री बाबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "तू कोणाला काय सांगायची गरज नाही. नाव चौधरी आहे, तेवढं बास." तडवी भिल्ल धर्माने मुसलमान आहेत, हेही इथे लक्षात घ्या. म्हणजे देव कोणता आहे याने काही फरक पडत नाही. बोचतं ते 'आदिवासी' हेच.

आता दुसरा प्रश्न, जो मला नेहमी विचारला जातो : "अरे, मग तुम्ही हिंदू नाही का?" यावर महाराष्ट्रात जुना वाद आहे. मालवणात जन्मलेले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं करणारे गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की आदिवासी हे वेगळे कोणी नव्हेत, ते मागास हिंदू आहेत. दुसऱ्या बाजूला व्हेरियर एल्विन. त्यांचं म्हणणं, या लोकांना त्यांच्या पद्धतीने जगू द्या. ब्रिटिशांच्या जनगणनांत आदिवासींच्या धर्माला वेगळा रकाना असायचा, नाव दर वेळी बदलायचं, कधी 'ॲनिमिस्ट', कधी 'ट्रायबल'. १९५१ पासून तो रकाना गेला. कायदा मात्र अजून आम्हाला वेगळं धरतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा वारसा कायदा, दोन्हींत कलम २(२) आहे : केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हे अनुसूचित जमातींना लागू नाहीत. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका उराँव-संथाळ जोडप्याच्या खटल्यात हेच सांगितलं, ते दोघं स्वतःला हिंदू म्हणवत असूनही.

आणि आजी? तिला हा प्रश्न विचारला तर ती म्हणाली, "आपला देव डोंगरावर आहे, त्यांचा देवळात आहे. भांडण काय त्यात?" मला घुर्ये आणि एल्विन या दोघांपेक्षा आजी जास्त पटते. आदिवासींत स्वतःला हिंदू म्हणणारे भरपूर आहेत, त्यांना खोटं ठरवायचा हक्क मला नाही. पण डोंगऱ्यादेव म्हणजे दत्ताचं किंवा महादेवाचं गावठी रूप, असं कोणी परस्पर ठरवून टाकू नये एवढंच. त्याला त्याचं नाव आहे. त्याच नावाने हाक मारा.

माझं मत बदललं ते मात्र एका अगदी साध्या गोष्टीने. कानबाईमुळे. टीममध्ये एक जण आहे, अमळनेरचा पाटील. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याच्याकडे कानबाई बसते. कानबाई म्हणजे खानदेशची देवी, नारळाची मांडतात, रात्रभर जागरण, अहिराणी गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर. कामासाठी पुण्या-नाशकात आलेली खानदेशी माणसं तिकडेही मिरवणूक काढतात. तिलाही मोठी पोथी नाही, मोठं तीर्थक्षेत्र नाही. डोंगऱ्यादेवासारखीच मातीतली. पण पाटलाला कधी 'श्रावणी सोमवार' अशी थाप मारावी लागली नाही. तो रजेच्या अर्जात सरळ लिहितो, 'कानबाई'. कोणी विचारलं ते काय, तर अर्धा तास सांगतो.

एकदा मी त्याला म्हटलं, "यंदा रोट आण भो आमच्यासाठी." (रोट म्हणजे कानबाईचे सव्वाच्या मापाने दळलेल्या गव्हाचे रोट.) तो हसून म्हणाला, "नाही भो, रोट भाऊबंदकीतच खावा लागतस. बाहेर देता येत नाही. तुला पुरणपोळी आणतो." आणि विषय संपला. कोणाला राग आला नाही, त्यालाही अवघड वाटलं नाही.

मी जागेवर येऊन विचार करत बसलो. त्याच्याकडेही बाहेरच्यांना न देण्यासारखं काही आहे, आणि ते तो ताठ मानेने सांगतो. माझ्याकडेही आहे. डोंगरावरच्या रात्रीतल्या काही गोष्टी भगतबाबा म्हणतात बाहेर बोलायच्या नाहीत. मी त्या इथेही लिहिणार नाही. पण मी त्या आतल्या गोष्टींसोबत देवाचं नावही दडवून ठेवलं होतं. एक झाकायचं असतं देवाच्या मानासाठी, दुसरं मी झाकत होतो माझ्या भीतीसाठी. हा फरक मला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितला नव्हता, एका रोटाने सांगितला.

आणि मग थाप फुटली. माझ्या तिसऱ्या वर्षी टीममधला नाशिकचा एक जण म्हणाला, "दत्तजयंतीला तू सारंगखेड्याला जातोस ना? एकमुखी दत्त! मलाही घोड्यांचा बाजार बघायचाय, येतो मी तुझ्या गाडीने." झालं. पोटात खड्डा. एक थाप टिकवायला दुसरी काय मारायची याचा विचार करत होतो, तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "मी सारंगखेड्याला जात नाही. मी डोंगऱ्यादेवाला जातो. आम्ही कोकणा आदिवासी आहोत."

काय होईल असं वाटलं होतं? आभाळ कोसळेल. नाही कोसळलं. नाशिककर म्हणाला, "अरे मग आधी सांगायचं ना, मी दोन वर्षं घरी सांगतोय आमच्याकडे एक दत्तभक्त आहे म्हणून." पाटलाने पावरी कशी असते विचारलं, मी मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. एकाने बोकडाचं ऐकून तोंड वाकडं केलं, चालायचंच. पण सगळं गोड गोड झालं असंही नाही. पलीकडच्या रांगेतला एक जण, जो माझ्याकडे रोज कोड रिव्ह्यूला यायचा, तो कॉफी घेताना सहज म्हणाला, "ओह, म्हणजे तू एसटी. मग कॉलेज कोट्यातून का?" मी हो म्हटलं. त्यानंतर तो रिव्ह्यूला दुसऱ्याकडे जायला लागला. योगायोग असेल. असेलही. पण मला तो दिसतो, आणि बाबा म्हणतात ते हेच.

म्हणून मी कोणाला "बिनधास्त सांगा, जग बदललंय" असा सल्ला देणार नाही. ज्याचा गाईड, ज्याचा बॉस, ज्याचा घरमालक उद्या त्रास देऊ शकतो, त्याने आधी पायाखालची जमीन बघावी. पहिल्या वर्षाच्या मुलीला, प्रोबेशनवरच्या पोराला 'तू का लपवतोस?' असं विचारणारा मी कोण? मीही सांगितलं ते सीनियर झाल्यावर, खात्यात सहा महिन्यांचं भाडं जमल्यावर. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांची जमीन आता पक्की आहे त्यांनी तरी सांगावं. आम्ही गप्प राहिलो की मागून येणाऱ्याला वाटतं या मजल्यावर आपल्यातला कोणी नाहीच, आणि मग तोही पेढे विकत घेतो.

स्वतःपुरते मी तीन नियम केलेत. एक, विचारलं तर खरं सांगायचं, न विचारता व्याख्यान द्यायचं नाही. दोन, जे आतलं आहे ते आतच. डोंगरावरच्या रात्रीचे रील बनवायचे नाहीत, आणि का नाही ते पाटलासारखं सरळ सांगायचं. तीन, कागदावर कधीच खोटं लिहायचं नाही.

हा तिसरा नियम लगेच लागणार आहे. या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. २०११ च्या जनगणनेत धर्माला सहा कोड होते, आणि बाकीच्यांनी धर्माचं नाव पूर्ण लिहायचं अशी सोय होती. त्या 'इतर'मध्ये देशभरात सुमारे ७९ लाख लोक निघाले. त्यातले ४९ लाखांहून अधिक एकट्या 'सरना'चे, म्हणजे त्याच जनगणनेतल्या जैनांपेक्षाही जास्त. (झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरनाला वेगळा कोड द्या असा ठरावही केला.) महाराष्ट्रात तेव्हा आदिवासी १ कोटी ५ लाख, धुळे जिल्ह्यात तर दर शंभरात ३१. पण राज्यात 'इतर धर्म' लिहिणारे किती? सगळे धरून ०.१६ टक्के. यातले किती जण मनापासून हिंदू आहेत आणि कितीजणांना दुसरं काही लिहिता येतं हेच माहीत नव्हतं, ते त्या आकड्यातून कळत नाही. आमच्या घरी तरी कोणाला माहीत नव्हतं. प्रगणकाने विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही.

आणि दाखल्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी : १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. रकान्यात काय लिहिलं यावरून जमात ठरत नाही.

आमच्या घरात यावरून सध्या रोज फोनवर चर्चा चालू आहे. बाबा म्हणतात, "हिंदू लिहू, उगीच कशाला?" आजी म्हणते तिच्या नावापुढे डोंगऱ्यादेव लिहा. मी म्हटलं, प्रत्येकाने आपापलं सांगायचं, घरच्या कर्त्याने सगळ्यांचं ठोकून द्यायचं नाही. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू काय लिहिणार?" मी म्हटलं, 'आदिवासी'. ते म्हणाले, "बघ, विचार कर." नाही म्हणाले नाहीत. आमच्या घरात हे पुष्कळ झालं.

असो. पाचांतली तीन वर्षं झाली, दोन राहिली. यंदाचा रजेचा अर्ज मी आत्ताच ड्राफ्ट करून ठेवलाय. कारण : 'डोंगऱ्यादेव व्रत, गावी'. मॅनेजरने प्रसाद मागितला तर नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं आणीन. पेढे मात्र बंद.